सीटी स्कॅननंतर दोन-तीन दिवसांनी उठणारं पुरळ

सीटी स्कॅन व्यवस्थित पार पडतो. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून टोचायचं आयोडीनयुक्त औषध, जाताना अंगभर गरम वाटतं, तोंडात धातूसारखी चव येते, बाकी काही नाही. अर्धा तास बसवून रुग्णाला घरी सोडतात. तिसऱ्या दिवशी छातीवर आणि पाठीवर गोवरासारखं लाल, खाजरं पुरळ दिसतं. कुणी म्हणतं उष्णता झाली, कुणी बाहेरच्या खाण्यावर खापर फोडतं. स्कॅनचा विचार सहसा कुणी करत नाही.

इंजेक्शननंतर १ तासापासून १ आठवड्यापर्यंत उमटणारी ही उशिराची प्रतिक्रिया. पहिल्या तासाभरातली प्रतिक्रिया वेगळी असते: अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, क्वचित रक्तदाब कोसळतो. उशिराच्या पुरळामागे बहुतेकदा टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, असतात. त्यांना कॉन्ट्रास्टचा रेणू ओळखायला, संख्येने वाढायला आणि त्वचेत पोचायला वेळ लागतो. कॉन्ट्रास्ट पूर्वी घेतलेला असेल तर एक-दोन दिवस पुरतात, पहिल्यांदाच घेतला असेल तर जास्त दिवस जातात. मूत्रपिंडं चांगली असतील तर २४ तासांत जवळजवळ सगळा कॉन्ट्रास्ट लघवीतून निघून जातो, पुरळ त्याच्यानंतर येतं. म्हणून पाणी पिऊन ते लवकर जात नाही. आणि म्हणूनच स्कॅनआधी थोडासा ‘टेस्ट डोस’ टोचून काही मिनिटं वाट पाहिल्याने या प्रतिक्रियेचा अंदाज येत नाही.

बहुतेकांचं पुरळ आठवडाभरात आपोआप ओसरतं. खाजेसाठी डॉक्टर अँटिहिस्टामिनची गोळी आणि लावायला स्टेरॉइडचं मलम देतात. ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, कातडी दुखणं, फोड येणं, साल सुटणं, चेहरा सुजणं, मान-काखेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठी वाढणं, यांतलं एक जरी दिसलं तरी मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. कातडी सोलून निघणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन विकारासारखे जिवावर बेतणारे प्रकार दुर्मीळ असले तरी त्यांची सुरुवात साध्या पुरळासारखी होऊ शकते. अशा वेळी रक्तातल्या इओसिनोफिल पेशी, यकृताचं काम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासतात. त्याच सुमारास सुरू केलेलं प्रतिजैविकही दोषी असू शकतं, म्हणून सगळ्या औषधांची तारीखवार यादी सोबत न्यावी.

खरी चूक होते ती पुढे. फाइलवर लिहिलं जातं, ‘आयोडीनची ॲलर्जी’. ही नोंद निरुपयोगीच नव्हे, दिशाभूल करणारी आहे. आयोडीन शरीराला रोज लागतं, मिठातून पोटात जातं. टी पेशी सुट्या आयोडीनला नव्हे, कॉन्ट्रास्टच्या रेणूला ओळखतात. आयोडीन म्हटलं की लोकांना मासळी आठवते, पण कोळंबीच्या ॲलर्जीत मुख्य दोषी तिच्यातलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन असतं, त्याचा इथे संबंध नाही. ‘आयोडीन’ लिहिल्यामुळे माणसाचे मासे सुटतात, आणि ज्या औषधाने पुरळ आणलं तेच पुढच्या स्कॅनला पुन्हा टोचलं जाण्याची शक्यता तशीच राहते.

लिहायला हवं ते औषधाचं नाव: आयोहेक्सॉल, आयोपामिडॉल, आयोव्हर्सॉल, आयोडिक्सॅनॉल, जे असेल ते. बाटलीवर ते छापलेलं असतं. सोबत मात्रा, तारीख, किती तासांनी पुरळ आलं, आणि उजेडात काढलेले फोटो. नाव महत्त्वाचं, कारण या रेणूंना जोडलेल्या अणूंच्या बाजूच्या साखळ्या एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात. आयोडिक्सॅनॉल म्हणजे जवळपास आयोहेक्सॉलचेच दोन रेणू जोडलेले. आयोहेक्सॉलने पुरळ आलेल्याला आयोडिक्सॅनॉल देणं हा बदल नावापुरताच. शिवाय जोड-रेणूच्या कॉन्ट्रास्टमध्ये उशिराचं पुरळ जास्त आढळतं.

पुन्हा स्कॅन लागणार असेल तर पुरळ गेल्यावर साधारण १ ते ६ महिन्यांत त्वचेची चाचणी करून घ्यावी. पॅच चाचणीत संशयित आणि पर्यायी कॉन्ट्रास्ट पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात. त्वचेत टोचायच्या चाचणीत थेंबभर द्रव टोचतात. दोन्ही चाचण्या लगेच वाचून उपयोग नाही, ४८ आणि ७२ तासांनी पुन्हा पाहावं लागतं. पाठीवर घाम आला, पट्टी सुटली तर निकाल फसतो. चाचणीत काहीच उमटलं नाही तरी धोका शून्य होत नाही, पण पर्याय निवडायला आधार मिळतो.

स्कॅनआधी स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन हे पुरळ हमखास टळत नाही. आधीचं पुरळ साधं असेल तर वेगळ्या साखळीचं कॉन्ट्रास्ट निवडतात आणि रुग्णाला आठवडाभर त्वचेवर लक्ष ठेवायला सांगतात. फोड आले होते किंवा साल सुटली होती, तर तो कॉन्ट्रास्ट कायमचा बंद. मग सोनोग्राफी, कॉन्ट्रास्टशिवाय सीटी किंवा एमआरआय यांतून काम भागतं का, हे रेडिओलॉजिस्टशी आधीच बोलून ठरवावं लागतं.