गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 ला नाव टाकायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पात्रता, फॉर्म आणि कागदपत्रं

पाऊस ओसरायला लागला की पाम बीच रोडवर पहाटे सायकल मारणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये एकच विषय, गोवा. पणजीच्या मिरामारला होणारी आयर्नमॅन 70.3, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायची रेस. 2019 ला पहिल्यांदा झाली, मधली कोविडची वर्षं सोडली तर दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या एका रविवारी असते, आणि नेमकं तेव्हाच लोक विचारतात की "यंदा जमेल का रे?" नाही जमत बाबा. रजिस्ट्रेशन कितीतरी महिने आधी उघडतं, फी टप्प्याटप्प्याने वाढत जाते, त्यामुळे ज्याला खरंच करायचीय त्याने आधीच्या हिवाळ्यापासूनच वेबसाइटवर डोळा ठेवावा.

अंतरं बहुतेकांना माहीत असतात तरी सांगतो, 1.9 किमी समुद्रात पोहणं, मग 90 किमी सायकल, मग 21.1 किमी धावणं. सगळं मिळून मैलांत 70.3 होतं म्हणून ते नाव.

आता पात्रता. सगळ्यात मोठा गैरसमज हा की आधी कुठलीतरी रेस करून क्वालिफाय व्हावं लागतं. तसं काही नाही, क्वालिफिकेशन वर्ल्ड चॅम्पियनशिपला लागतं, गोव्याला नाही. रेसच्या दिवशी 18 पूर्ण पाहिजेत, बस. एज ग्रुप, म्हणजे ज्या वयोगटात तुमची स्पर्धा होते तो, मात्र रेसच्या दिवशीच्या वयावर नाही, त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला तुमचं जे वय असेल त्यावर ठरतो. म्हणजे 1996 च्या डिसेंबरातला जन्म असेल तर 2026 च्या रेसला तुम्ही थेट 30-34 मध्ये, भले रेसला 29 चेच असाल.

कागदावर पात्रता एवढीच, पण खरी पात्रता कटऑफची, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवण्याची. पोहायला 1 तास 10 मिनिटं, आणि एकूण रेसला साडेआठ तास. पोहण्याचा हिशोब करून बघा, 25 मीटरच्या पूलमध्ये 76 लेंथ न थांबता, 100 मीटरला साधारण तीन मिनिटं चाळीस सेकंद, आणि हे पूलमध्ये, जिथे खाली टाइल्स दिसतात आणि लाट नाक-तोंडात जात नाही. पूलमध्ये हे आरामात होत नसेल तर माझं स्पष्ट मत, फॉर्म भरू नका, रिलेत जा. रिलेत एक जण पोहतो, एक सायकल, एक धावतो, आणि पायातली टायमिंग चिप एकमेकांना द्यायची. रिलेवाल्यांना वर्ल्ड चॅम्पियनशिपचा स्लॉट, म्हणजे तिथला प्रवेश, नसतो, पण पहिल्या वर्षी तो कुणाला हवाय?

फॉर्म ऑनलाइनच आहे, आयर्नमॅनच्या वेबसाइटवर स्वतःचं प्रोफाइल काढायचं. नाव ओळखपत्रावर आहे तस्संच टाका. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे, पासपोर्टवर नाही, लग्नानंतर एकीकडे आडनाव बदललंय आणि दुसरीकडे राहिलंय, असं आपल्याकडे घरोघरी असतं, तर जे ओळखपत्र गोव्याला नेणार तेच समोर ठेवून भरा. वेबसाइट परदेशी आहे, कार्डवर इंटरनॅशनल पेमेंट आधीच चालू करून ठेवा. पुढे टी-शर्टचा साइज, औषधं-ॲलर्जी, आणि इमर्जन्सी कॉन्टॅक्ट. हा कॉन्टॅक्ट स्वतः रेस करणारा नको, बायको-नवरा दोघंही धावणार असाल तर एकमेकांचे नंबर देऊन काय उपयोग, दोघांचेही फोन बॅगेत असणार. शेवटी जोखीम स्वतःची आहे असं मान्य करणारा वेव्हर, तो वाचून मग टिक करा.

आणि हे नीट ऐका, रेस नंबर दुसऱ्याला देता येत नाही. ऑफिसात प्रोजेक्ट आला, गुडघा दुखावला, म्हणून मित्राला "जा माझ्या नावावर पळ" म्हणालात तर तो बाद होतोच, शिवाय पुढच्या रेसवर बंदी यायची शक्यता. शिवाय समुद्रात त्याला काही झालं तर मेडिकल टीमकडे ब्लड ग्रुप-ॲलर्जी तुमची, फोन तुमच्या घरी. नियम कडक आहे आणि मला तो पटतो.

तीच गोष्ट किटची. रेस किट स्वतः जाऊन, ओरिजिनल फोटो ओळखपत्र दाखवून घ्यायचं, ताई-दादा-मित्र कुणी तुमच्यासाठी घेत नाही, रिलेतल्या प्रत्येकानेही आपापलं जायचं. रेसच्या दिवशी किट मिळत नाही. सायकल पण आदल्या दिवशीच ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी, लावावी लागते. म्हणून सुट्टीचा अर्ज रविवार-सोमवारचा नाही, शुक्रवारपासूनचा टाका.

सायकल लावताना तपासतात. दोन्ही ब्रेक चालू पाहिजेत, हेल्मेट पाहिजे, आणि हँडलबारच्या दोन्ही टोकांना प्लग पाहिजेत, ज्याकडे कुणाचं लक्षच नसतं. टेप गुंडाळताना प्लग निघून पडलेला असतो आणि नळी उघडी, पडलात तर ती थेट मांडीत घुसते. आयत्या वेळी बाटलीचं बूच चाकूने तासून ठोकलेलं चालतं, हे बघितलंय. वेटसूटवर, म्हणजे पोहताना घालायच्या रबरी सूटवर, मात्र पैसे घालवू नका, पाणी 24.5 अंशांच्या वर गेलं की एज ग्रुपवाल्यांना तो चालत नाही आणि गोव्याचा समुद्र त्या दिवसांत त्याहून चांगलाच कोमट असतो.

वर्ल्ड चॅम्पियनशिपची आशा असेल तर बॅगेत पेमेंटचं चालू कार्ड ठेवा, स्लॉट जाहीर होतात तिथे हजर राहून जागेवरच हो म्हणून पैसे भरावे लागतात, नाहीतर पुढच्याला जातो. पासपोर्टची मुदतही आधी बघून ठेवा.

राहिला प्रवास. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, कोकण रेल्वेच्या मांडवीसारख्या गाड्या ठाणे-पनवेलला थांबतात आणि पणजीला करमळी स्टेशन जवळ पडतं. पण सायकल डब्यात नेता येत नाही, पार्सल ऑफिसात लगेज म्हणून बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, टाकावी लागते आणि ठाण्याला गाडी मोजकी मिनिटं थांबते, तेवढ्यात ती चढलीच नाही तर तुम्ही गोव्यात आणि सायकल इथे. सायकलसाठी सीएसएमटीवरून बसा, नाहीतर चौघं मिळून गाडी करा आणि मागे रॅक लावा.