हिरडीत ठेवायचे प्रतिजैविक

हिरडी आणि दाताचे मूळ यांच्यामध्ये रोगामुळे पडलेल्या खाचेत दंतवैद्याने स्वतःच्या हाताने ठेवलेले व तिथेच हळूहळू पाझरणारे प्रतिजैविक औषध. लोक ज्याला पायरिया म्हणतात, त्या हिरड्यांच्या जुनाट रोगावर मुळांची खोल सफाई झाल्यानंतर करायचा हा जोडउपचार आहे. सफाईला पर्याय म्हणून तो वापरता येत नाही. नाशिकमधील दवाखान्यांत जेल, चिप (औषध भरलेली पातळ चकती) किंवा तंतू ‘भरतात’ असे सरसकट म्हटले जाते. यांतली चिप बहुधा क्लोरहेक्सिडीनची असते आणि ते जंतुनाशक असले तरी प्रतिजैविक नव्हे. औषधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने हा फरक जरूर लक्षात ठेवावा.

निरोगी हिरडी दाताला घट्ट बिलगून असते आणि तिच्या कडेची खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. दातावरचा जिवाणूंचा चिकट थर वेळेवर निघाला नाही की त्याचे कीटण होते, हिरडी सुजते, मुळापासून सुटत जाते आणि आतले हाड झिजू लागते. हे सगळे बहुतेकदा न दुखता चालते, म्हणून माणूस येतो तो दात हलायला लागल्यावर. नाशिक जिल्ह्यात यात तंबाखूची भर पडते. खेड्यापाड्यांत, आणि शहरातही, कितीतरी बायका आजही सकाळी मिश्रीने दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावल्यावर तोंड स्वच्छ झाल्यासारखे वाटते, पण हिरडी आतून सुटतच राहते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे आणखी वेगळे असते. त्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे रोगाची पहिली खूणच झाकली जाते. मधुमेहात हा रोग वेगाने वाढतो. उलट बाजूने, हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (रक्तातील साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरते. मधुमेहाच्या रुग्णाला ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे.

औषध ठेवायचे की नाही, हे मोजमापावर ठरते. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई हिरडीच्या कडेने अलगद आत सरकवतात. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी, तीन बाहेरून आणि तीन आतून. डॉक्टर आकडे सांगत जातात, ‘तीन, दोन, सहा, रक्त’, आणि मदतनीस तक्त्यात लिहीत जाते. तो ‘सहा, रक्त’ महत्त्वाचा. खोल सफाईनंतर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर जिथे खाच ५ मिलिमीटर किंवा अधिक उरली आहे आणि सळई लागताच रक्त येते, तीच या औषधाची जागा. तक्ता न भरता पहिल्याच भेटीत कोणी औषध भरायला निघाले, तर ‘कुठल्या दाताला किती मिलिमीटर आहे?’ असे रुग्णाने बेधडक विचारावे. तो त्याचा हक्क आहे.

मग गोळी का नको? हिरडी सुजली की मेडिकलमधून अ‍ॅमॉक्सिसिलिन किंवा मेट्रोनिडाझोलची पाकिटे आणायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. ही औषधे कायद्याने चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी ती मिळतात. दोन दिवसांत सूज उतरते आणि रोग बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फॉरसिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला हे या रोगात सापडणारे जिवाणूंचे कुप्रसिद्ध त्रिकूट मुळावरच्या थरात दडून बसलेले असते. तो थर खरवडून मोडल्याशिवाय पोटातून गेलेले औषध त्यांच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. पोट बिघडते आणि शरीरातल्या इतर जिवाणूंना मात्र प्रतिकार शिकायची संधी मिळते.

खाचेतच औषध ठेवण्याची कल्पना सोपी वाटते, पण तिथे टिकवणे अवघड. हिरडीतून सतत एक द्रव झिरपत असतो. ५ मिलिमीटरच्या खाचेत तो तासाला सुमारे ४० वेळा बदलतो, म्हणजे नुसते औषध सोडले तर काही मिनिटांत धुऊन जाईल. अमेरिकेतील मॅक्स गुडसन यांनी १९७९ मध्ये टेट्रासायक्लिन भरलेले पोकळ तंतू वापरून यावर वाट काढली. पुढे १० टक्के डॉक्सिसायक्लिनचे जेल आले. ते खाचेत गेल्यावर घट्ट होते. २००१ मध्ये अमेरिकेत मिनोसायक्लिनच्या सूक्ष्म गोळ्यांना मान्यता मिळाली. एका खाचेला औषध फक्त १ मिलिग्रॅम, तेही विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) कणांत बांधलेले. भारतात कोलॅजनच्या तंतूंत बसवलेले टेट्रासायक्लिन बरेच वापरले जाते. पहिल्या पिढीचे तंतू दहा दिवसांनी काढावे लागत, हे आपोआप विरघळतात. यातील कोलॅजन किंवा काही चिपमधील जिलेटिन प्राणिज असते. मांसाहार वर्ज्य असणाऱ्या घरांतल्या रुग्णाला हे आधी सांगणे मला सभ्यपणाचेच वाटते.

फायदा किती, हे स्पष्ट सांगायला हवे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या आढाव्यात केवळ खोल सफाईने हिरडीची पकड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारली. डॉक्सिसायक्लिन जेलने त्यावर ०.६४ आणि मिनोसायक्लिनच्या सूक्ष्म गोळ्यांनी ०.२४ मिलिमीटरची भर पडली. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोंटॉलॉजीची २०२० ची मार्गदर्शिकाही ‘विचार करता येईल’ एवढेच म्हणते. दोन-चार हट्टी खाचांसाठी ही भर मोलाची आहे. सगळ्या तोंडात खोल खाचा असतील तर खर्च वाढतो आणि तेवढे पदरात पडत नाही.

औषध ठेवण्याआधी काही प्रश्न झालेच पाहिजेत. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन ही एकाच घराण्यातली आहेत. एकाची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरेही नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना, तसेच आठ वर्षांखालील मुलांना ही औषधे देत नाहीत, कारण वाढत्या दातांवर कायमचे डाग पडतात. मात्रा थोडी आहे म्हणून ही माहिती लपवू नये. ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार, तोंडात वारंवार येणारी पांढरी बुरशी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, हे सगळे आधी सांगावे. गळू होऊन पू साठला असेल तर तो आधी बाहेर काढतात. गळवावर हे औषध भरत नाहीत.

मिनोसायक्लिन ठेवायला मिनिटही लागत नाही. एका दांड्याला छोटी कुपी बसवतात, तिचे टोक खाचेच्या तळापर्यंत नेतात आणि दाबत दाबत मागे घेतात. सूक्ष्म गोळ्यांची पिवळसर भुकटी ओल्या हिरडीला धरून राहते. इंजेक्शन बहुधा लागत नाही. त्यानंतर त्या जागी १२ तास ब्रश लावायचा नाही, दातांच्या फटीतून दहा दिवस दोरा किंवा टूथपिक घालायची नाही, आणि आठवडाभर कडक, कुरकुरीत, चिकट काही खायचे नाही. नाशिककराला हे जड जाते, कारण त्यात चिवडा येतो, भाजलेले दाणे येतात, चिक्की येते. मिसळ खायचीच असेल तर शेव बाजूला काढावी आणि दुसऱ्या बाजूने चावावे. जेल किंवा तंतू असेल तर मुदती बदलतात, म्हणून त्या लिहून घ्याव्यात. बाकीचे दात रोजच्यासारखे घासायचे. मिश्री आणि तंबाखू सोडायची ती कायमची.

किंचित ठणका किंवा हुळहुळेपणा एक-दोन दिवस असतो. अंगावर गांध्या उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वासाला त्रास झाला तर दंतवैद्याची वेळ मिळायची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. काही दिवस उन्हाने त्वचा जास्त भाजत असेल तर तेही सांगावे. टेट्रासायक्लिनच्या घराण्याची ती ओळखीची खोड आहे, आणि द्राक्षबागेत दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी ती क्षुल्लक नाही.

खाचा खोल असतील तर हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जावे. बीडीएसनंतर तीन वर्षांचा एमडीएस केलेला हा डॉक्टर असतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे, आणि शहरात दंत महाविद्यालयही आहे. महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण मोजमापाचा तक्ता तिथे नेमाने भरला जातो.

तीन महिन्यांनी त्याच सहा जागा पुन्हा मोजतात. सहाचे चार झाले आणि रक्त थांबले तर पुढे केवळ नियमित सफाई. आकडा हलला नसेल तर दर वेळी नवे औषध भरत राहणे बरोबर नाही. तेव्हा हिरडी उघडून मूळ डोळ्यांसमोर साफ करण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते.