घाटातली रेल्वे: वेग वाढवणं वेगळं, क्षमता वाढवणं वेगळं

डोंगराळ भागातला रेल्वेमार्ग 'सुधारला' असं आपण सरसकट म्हणतो, तेव्हा दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. वेग म्हणजे एक गाडी किती मिनिटांत घाट पार करते. क्षमता म्हणजे त्याच मार्गावरून दिवसभरात किती गाड्या, किती प्रवासी आणि किती माल जाऊ शकतो. गाड्या जोरात धावल्या की जास्त गाड्या मावतील, असं वाटणं साहजिक आहे. डोंगरात मात्र बहुतेकदा तसं होत नाही, आणि कधी कधी तर नेमकं उलट होतं.

एकेरी मार्गाचं गणित मांडून बघू. दोन स्थानकांमधल्या ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी सोडतात. अशा मार्गाच्या क्षमतेचा ढोबळ अंदाज भारतीय रेल्वेत स्कॉटच्या सूत्राने काढतात. सगळ्यात अडचणीचा ब्लॉक सेक्शन निवडायचा. तो पार करायला सर्वात संथ मालगाडीला लागणारी मिनिटं घ्यायची, त्यात लाइन क्लिअर (पुढचा सेक्शन मोकळा असल्याची दोन स्थानकांमधली परवानगी) देण्याघेण्याचा वेळ मिळवायचा आणि दिवसाच्या 1440 मिनिटांना त्या बेरजेने भागायचं. देखभाल, उशीर वगैरे धरून उत्तराचे 70 टक्के घ्यायचे. समजा, मालगाडीला 20 मिनिटं लागतात आणि लाइन क्लिअरला 5. मग 1440 भागिले 25 म्हणजे 57.6, आणि त्याचे 70 टक्के म्हणजे दोन्ही दिशा मिळून सुमारे 40 गाड्या.

आता एक्स्प्रेसचा वेग ताशी 80 किलोमीटरवरून 110 वर नेला, तर या उत्तरात काहीच फरक पडत नाही, कारण या हिशेबात एक्स्प्रेस कुठे नाहीच. त्याऐवजी त्या सेक्शनच्या बरोबर मध्यावर एक क्रॉसिंग स्थानक, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना ओलांडता येईल असं स्थानक, बांधलं, तर मालगाडीची 20 मिनिटं 10 वर येतात आणि उत्तर 67 वर जातं. एकाही गाडीचा वेग न वाढवता!

मैदानी मुलखात असं स्थानक बांधणं हा फक्त पैशांचा प्रश्न असतो. डोंगरात आधी सपाट जागा मिळायला हवी. उभे डबे घरंगळू नयेत आणि थांबलेली गाडी पुन्हा सुटू शकावी, म्हणून स्थानकाच्या आवारात 400 मीटरला 1 मीटरपेक्षा जास्त चढ चालत नाही. 1200 ला 1 असला तर उत्तम. भोर आणि थळ घाटात रूळ चढतात ते 37 ला 1 अशा चढाने. अख्खी मालगाडी मावेल एवढी लांब सपाटी त्या कड्यावर कुठून आणायची? म्हणूनच घाटात लूप लाइन (गाडी बाजूला उभी करण्यासाठीचा जादा रूळमार्ग) टाकणं हे मोठं काम असतं, आणि त्याला मिळायला हवं तेवढं महत्त्व मिळत नाही याची मला खंत वाटते. उद्घाटनाच्या बातमीत कमाल वेगाचा आकडा येतो, लूप लाइन येत नाही.

कोकण रेल्वे घ्या. 1998 मध्ये पूर्ण लांबीने सुरू झालेला हा मार्ग आखला होता ताशी 160 किलोमीटर वेगासाठी, पण बांधला एकेरी. आडबाजूच्या स्थानकात गाडी उगाच उभी आहे असं वाटतं, तेव्हा ती समोरून येणाऱ्या गाडीच्या क्रॉसिंगची वाट बघत असते. तिथे इंजिनाचा जोर कमी पडलेला नसतो, रूळ कमी पडलेले असतात. 2022 मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं. डिझेल वाचलं, इंजिन बदलण्याचा खोळंबा गेला, तरी एकेरी मार्ग एकेरीच राहिला. क्षमता खऱ्या अर्थाने वाढली ती 2021 मध्ये झालेल्या रोहा–वीर टप्प्याच्या दुहेरीकरणाने, आणि कडवई, आचिर्णे, खारेपाटण यांसारख्या नव्या क्रॉसिंग स्थानकांनी.

दुहेरी मार्गावर अडचण वेगळी असते. तिथे समोरून गाडी येत नाही, पण पुढे चाललेली संथ गाडी आडवी येते. एखादा चढ मालगाडी 50 मिनिटांत आणि एक्स्प्रेस 30 मिनिटांत चढते असं धरा. मालगाडी सुटल्यावर एक्स्प्रेसला निदान 20 मिनिटं आणि वर सुरक्षित अंतराची काही मिनिटं थांबवावं लागतं, नाहीतर ती वाटेतच मालगाडीला गाठेल. एक्स्प्रेस 20 मिनिटांत चढू लागली, की तेच अंतर 30 मिनिटांवर जातं. म्हणजे वेग वाढला आणि मधल्या वेळेत जाऊ शकली असती ती गाडी कमी झाली. अशा मार्गावर संथ गाडीला थोडी वेगवान करणं हे वेगवान गाडीला आणखी पळवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

बँकर इंजिनांचंही तसंच. पुढून सगळा भार ओढला तर डबे जोडणारं कपलिंग तुटण्याचा धोका, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं जोडून ती वर ढकलतात. हीच इंजिनं पुढच्या गाडीसाठी परत खाली आणावी लागतात, आणि तो उतारही मार्गावरची जागा खातो. 2023 पासून भोर घाट चढणाऱ्या वंदे भारतला बँकर लागत नाही, कारण तिच्या मोटारी डब्यांखालीच विभागलेल्या आहेत. त्या गाडीचा वेळ वाचला. बँकरवर चालणाऱ्या मालगाड्यांचा घाट मात्र होता तसाच आहे.

दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या तर चढच कमी करावा लागतो. स्वित्झर्लंडमधला 57 किलोमीटरचा गॉटहार्ड पायथा बोगदा (डोंगराच्या पायथ्याजवळून आरपार जाणारा) 2016 मध्ये सुरू झाला. 1882 च्या जुन्या बोगद्याच्या मार्गावर गाड्यांना समुद्रसपाटीपासून सुमारे 1150 मीटर उंचीपर्यंत चढावं लागे; नव्या मार्गाचा माथा 550 मीटरच्या आतच आहे. त्यामुळे मालगाड्या जड झाल्या आणि प्रवासी गाड्या जलदही झाल्या. त्याच देशातला सुमारे 35 किलोमीटरचा लोएचबर्ग पायथा बोगदा 2007 मध्ये खुला झाला, पण खर्च आवरण्यासाठी त्याच्या बऱ्याचशा लांबीत एकाच मार्गावर रूळ टाकले. बोगदा वेगवान झाला, गाड्यांची संख्या मात्र त्या एकेरी भागाशी अडते.

ऑगस्ट 2023 मध्ये गॉटहार्डच्या नव्या बोगद्यात मालगाडी घसरली आणि पूर्ववत वाहतुकीला सप्टेंबर 2024 उजाडला. तोवर बहुतेक प्रवासी गाड्या जुन्या डोंगरमार्गानेच गेल्या. वेळ जास्त लागला, पण गाड्या चालू राहिल्या. दरडी कोसळणाऱ्या आपल्या घाटांत नवा सौम्य चढाचा मार्ग कधी झालाच, तर जुने रूळ उखडू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.