वधूवरांनो, स्वतःच्या रिसेप्शनला नीट जेवा

रिसेप्शनच्या जेवणाची जबाबदारी तुम्ही आमच्यावर सोपवलीत. हे पत्रक मात्र खास तुम्हा दोघांसाठी आहे. कार्याच्या आधी एकदा एकत्र बसून वाचून काढा. टेबलावर बसून काटा-सुरीने जेवायचा समारंभ आहे, असं धरून हे लिहिलं आहे.

सगळ्यात आधी, बहुतेक जोडप्यांच्या ध्यानात येत नाही ती गोष्ट. अशा जेवणात वाढायला तुमच्या टेबलापासून सुरुवात होते आणि तुम्ही पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे जेवायला लागत नाहीत. तुम्ही फोटोंसाठी बाहेर रेंगाळलात तर समोर वाढलेलं असूनही सगळा हॉल ताटकळत बसतो. सूप निवतं, म्हातारी माणसं अवघडतात, लहान मुलं रडकुंडीला येतात. म्हणून ठरल्या वेळी येऊन बसणं आणि बसल्यावर खरोखर जेवणं, ही तुमची पहिली रीत. काटा कोणत्या हातात धरला, हे त्यानंतर. जेवण चालू असताना कॅमेरा बंद राहील, हे फोटोग्राफरशी आधीच बोलून ठेवा.

त्या दिवशी उपाशी राहू नका. रिसेप्शनच्या तासभर आधी काहीतरी हलकं खा. उपाशी माणूस भराभर खातो, आणि मद्य घेणार असाल तर रिकाम्या पोटी ते लवकर चढतं. पोटात अन्न नसलं की ते थेट लहान आतड्यात उतरतं आणि पटकन रक्तात मिसळतं.

मांडणी वाटते तेवढी अवघड नाही. डावीकडे काटे, उजवीकडे सुऱ्या, सुरीचं पातं प्लेटच्या बाजूला, सुऱ्यांच्याही उजवीकडे सूपचा चमचा. प्रत्येक पदार्थाला सगळ्यात बाहेरची जोडी उचलायची आणि आत आत यायचं. प्लेटच्या वर आडवे ठेवलेले काटा-चमचा गोडासाठी असतात. पावाची बशी तुमच्या डावीकडची, ग्लास उजवीकडचे. हे एवढं पक्कं करा, कारण एकाने शेजाऱ्याची बशी ओढली की पुढच्या सगळ्यांची पंचाईत होते. पाव सुरीने कापू नका. घासापुरता हाताने तोडा आणि तेवढ्यालाच लोणी लावा.

मधेच उठावं लागलं तर

याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण वधूवरांना सारखं उठावं लागतं. कोणी भेटायला येतं, कोणी निघालेलं असतं. तुम्ही परत येता तेव्हा अर्धी भरलेली प्लेट गेलेली असते आणि राग वाढप्यावर निघतो. त्याला बिचाऱ्याला तुमच्या काटा-सुरीने 'झालं' असंच सांगितलेलं असतं. काटा आणि सुरी एकमेकांना लागून समांतर ठेवली, मुठी उजवीकडे खाली, घड्याळात चार-वीस वाजल्यासारखी, तर त्याचा अर्थ जेवण झालं, प्लेट उचला. परत येणार असाल तर दोन्हींची टोकं प्लेटच्या मध्याकडे आणि मुठी दोन बाजूंना, अशी तिरपी ठेवा. नॅपकिन खुर्चीवर ठेवा, टेबलावर नाही. टेबलावर, प्लेटच्या डावीकडे, तो शेवटी उठतानाच ठेवायचा, आणि तेव्हाही घडी घालत बसायची गरज नाही.

पाहुण्यांच्या टेबलांवर फिरायचं असेल तर मुख्य जेवण झाल्यावर, गोड यायच्या आधी निघा. हिशेब करूनच निघा: 20 टेबलं आणि प्रत्येकी 2 मिनिटं म्हटली तरी 40 मिनिटं जातात. दोघं बरोबर जा. हातात ग्लास घेऊन फिरू नका, एकाच टेबलावर खुर्ची ओढून बसू नका. आणि ज्याच्या तोंडात घास आहे त्याला प्रश्न विचारू नका. हसून नमस्कार पुरतो.

तुमच्यासाठी कोणी ग्लास उंचावला तर तुम्ही बसून राहायचं. त्या वेळी स्वतःचा ग्लास उचलायचा नाही, घोटही घ्यायचा नाही, कारण मान तुमचा आहे. सगळ्यांचं झालं की तुम्ही उठून आभार माना आणि त्यांच्यासाठी ग्लास उंचवा. त्यात पाणी किंवा सरबत असलं तरी काही बिघडत नाही.

कपडे जपायचे असतील तर आमच्याकडून एक जास्तीचा नॅपकिन मागून घ्या. डाग पडला तर घासू नका, घासल्याने तो पसरतो. कोरड्या कापडाने टिपा, मग थंड पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुन्हा टिपा. रेशीम असेल तर पाणीही लावू नका, पाण्याचाच डाग उठू शकतो. लिपस्टिक जेवायच्या आधी कागदी रुमालाने टिपून घ्या.

केक भरवताना तुकडा लहान घ्या, एका घासात मावेल इतका. तोंडाला केक फासायचा हट्ट मित्रमंडळी करतात. तो मोडून काढा, असं आम्ही अगदी मनापासून सांगतो. समोरच्याला ते आवडेलच असं नाही, आणि इतक्या लोकांसमोर नकोही म्हणता येत नाही.

दोन गोष्टी आम्हाला आधी कळवा. कोणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे का, आणि तुमच्यापैकी कोणी डावखुरं आहे का. डावखुऱ्या जोडीदाराला आम्ही दुसऱ्याच्या डाव्या हाताला बसवतो, म्हणजे जेवताना कोपराला कोपर लागत नाही. जेवण राहूनच गेलं तर तुमच्यासाठी प्लेट बाजूला काढून ठेवू, पण शिजवलेलं अन्न बाहेर 2 तासांपेक्षा जास्त ठेवणं सुरक्षित नसतं. तेवढ्या वेळात तुम्ही आला नाहीत तर ते थंड करून फ्रिजमध्ये ठेवू आणि निघताना डब्यात भरून देऊ.