अखंड चूर्णमिश्रण

औषधी गोळ्या बनवताना औषधद्रव्य आणि पूरक द्रव्यांच्या भुकट्या ठरावीक वेगाने यंत्रात सोडत राहून, त्या वाहत असतानाच एकजीव करण्याची पद्धत. तयार मिश्रण बहुधा थेट टॅब्लेट प्रेसकडे, म्हणजे भुकटी दाबून गोळ्या बनवणाऱ्या यंत्राकडे, जाते.

रूढ पद्धत बॅचची आहे. अष्टकोनी किंवा ‘व्ही’ आकाराच्या ब्लेंडरमध्ये सगळा माल भरून ठरावीक मिनिटे फिरवतात आणि नमुने काढून तपासतात. पुढे ड्रम आणि हॉपर (यंत्राला माल पुरवणारे भांडे) यांत माल उतरवताना जाड-बारीक कण पुन्हा वेगळे होऊ शकतात. अखंड पद्धतीत ही उतरवाउतरव बरीच टळते.

नाव मिश्रणाचे असले, तरी या पद्धतीचा खरा कस फीडरवर, म्हणजे भुकटी मोजून सोडणाऱ्या यंत्रावर, लागतो. प्रत्येक घटकाचा फीडर वजनकाट्यावर बसवलेला असतो. हॉपरचे वजन किती वेगाने घटते ते पाहून नियंत्रक भुकटी पुढे ढकलणाऱ्या स्क्रूची गती कमी-जास्त करतो. ताशी २० किलो मिश्रण हवे असेल, तर १ टक्का वंगणद्रव्य मिनिटाला जेमतेम ३.३ ग्रॅम पडायला हवे. चिकट, हलक्या भुकटीच्या बाबतीत हे सोपे नाही. हॉपर पुन्हा भरताना तर वजनावरून गती ठरवताच येत नाही. तेवढा वेळ फीडर अंदाजी गतीने चालतो आणि प्रवाह डळमळतो.

ब्लेंडर म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा असलेली आडवी नळी. पाती भुकटी आडवी ढवळतात आणि थोडी मागे-पुढेही सरकवतात. या मागे-पुढे होण्यामुळे फीडरचे क्षणिक चढउतार मुरतात. लांबलेली चूक मात्र मुरत नाही. आत ५०० ग्रॅम भुकटी असेल आणि प्रवाह ताशी २० किलो असेल, तर ती सरासरी ९० सेकंद आत राहते. काही कण लवकर सुटतात, काही रेंगाळतात. या वाटणीला ‘निवासकाल वितरण’ म्हणतात. बिघाड झाल्यास कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतचा माल बाजूला काढायचा, हे त्यावरूनच ठरते. मिश्रणातील औषधाचे प्रमाण अनेकदा निअर-इन्फ्रारेड प्रकाशाने चालू प्रवाहातच मोजतात.

मॅग्नेशियम स्टिअरेट हे वंगण बहुधा शेवटी मिसळतात. ते जास्त घोटले गेले, तर कणांवर पाणी न शोषणारा थर चढतो, गोळी ठिसूळ होते आणि उशिरा विरघळते.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१५ मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या ‘ऑरकाम्बी’ या अखंड पद्धतीने बनणाऱ्या गोळीला मान्यता दिली. २०१६ मध्ये जॅन्सेनला ‘प्रेझिस्टा’ ही एचआयव्हीवरील गोळी बॅचऐवजी अखंड पद्धतीने पोर्टो रिकोतील गुराबो येथे बनवण्याची परवानगी मिळाली. मंजूर उत्पादनाची पद्धत अशी बदलण्याची ही पहिलीच वेळ होती. औषध नियमांत एकसारखेपणा आणणाऱ्या आयसीएच या संस्थेचे अखंड उत्पादनाविषयीचे ‘क्यू१३’ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व नोव्हेंबर २०२२ मध्ये अंतिम झाले. त्यानुसार बॅचचा आकार कच्च्या किंवा तयार मालाच्या वजनावर ठरवता येतो, तसाच ठरलेल्या प्रवाहवेगाने यंत्र किती वेळ चालले यावरही ठरवता येतो. त्यामुळे उत्पादन वाढवायला मोठा ब्लेंडर घ्यावाच लागतो असे नाही. तेच यंत्र जास्त तास चालवता येते.