परतीच्या मालाचे पॅलेट: हा धंदा कुठून आला

अमेरिकेत आज घरबसल्या बोली लावून मोठ्या दुकानांचा परतीचा माल पॅलेटच्या हिशेबाने, म्हणजे लाकडी चौकटीवर रचलेल्या खोक्यांचा अख्खा ढीग एकदम, विकत घेता येतो. तरीही या धंद्याचे मूळ इंटरनेटपेक्षा बरेच जुने आहे. १८७२ मध्ये माँटगोमेरी वॉर्डने कॅटलॉगवरून डाकेने विक्री सुरू केली. वस्तू न पाहता पैसे पाठवायला लोक कचरत, म्हणून १८७५ पासून ‘पसंत न पडल्यास पैसे परत’ अशी हमी आली. परतीचा माल ही त्या हमीची किंमत, आणि ती दुकानदार आजही मोजतो आहे.

पडून राहिलेला माल जागा अडवतो आणि भांडवल अडकवतो. बोस्टनच्या एडवर्ड फाइलीन यांनी १९०९ मध्ये दुकानाच्या तळघरात त्यावर कडक नियम लावला. १२ दिवसांत वस्तू गेली नाही की किंमत पाव हिश्शाने खाली, पुढे दर सहा दिवसांनी आणखी पाव हिस्सा, आणि ३० दिवसांनंतर उरलेले धर्मादाय संस्थेला. किंमत ठरवायची ती माल किती दिवस पडून आहे यावर, मूळ छापील दरावर नाही. लिक्विडेशनचा, म्हणजे पडून राहिलेला किंवा परत आलेला माल मिळेल त्या दराने विकून मोकळे होण्याचा, व्यवहार आजही बराचसा याच तत्त्वावर चालतो.

लाकडी पॅलेट आणि फोर्कलिफ्ट यांचा वापर दुसऱ्या महायुद्धात लष्करी मालाच्या वाहतुकीत फोफावला. पुढे अमेरिकी किराणा व्यापारात ४८ बाय ४० इंचाचे पॅलेट रूढ झाले. ५३ फुटी ट्रेलरच्या तळावर अशी साधारण २६ मावतात. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी आजच्या यूपीसी पद्धतीचा बारकोड असलेली पहिली वस्तू, च्युइंग गमचे पाकीट, दुकानात स्कॅन झाली. बारकोड नसता तर पॅलेटसोबतची मालाची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, इतक्या स्वस्तात तयार झाली नसती. १९९५ मध्ये ईबे हे ऑनलाइन लिलावाचे संकेतस्थळ आले, १९९९ मध्ये जास्तीच्या मालाचे ऑनलाइन लिलाव करणारी लिक्विडिटी सर्व्हिसेस ही कंपनी निघाली, आणि एकेका पॅलेटवर लहान व्यापारीही बोली लावू लागले.

मग परतीचा ओघ वाढला. नॅशनल रिटेल फेडरेशन या अमेरिकी किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये अमेरिकेत ७६१ अब्ज डॉलरचा माल परत आला, म्हणजे विक्रीच्या १६.६ टक्के. प्रत्येक खोका उघडून, तपासून, पुन्हा बांधून फळीवर ठेवण्याची मजुरी अनेकदा वस्तूच्या किमतीला भारी पडते. म्हणून माल न तपासताच प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुढे जातो.

इथेच नवखा फसतो. मॅनिफेस्टवरची ओळ बहुधा खोक्यावरच्या लेबलवरून आलेली असते, आतली वस्तू कोणी पाहिलेली नसते. ब्लेंडरच्या खोक्यात जार असतो, मोटर नसते. कॉर्डलेस ड्रिलला चार्जर नसतो. कधी गिऱ्हाइकाने नवा नग ठेवून जुनाच परत केलेला असतो. मालाच्या प्रतीही वेगळ्या: जास्तीचा साठा सहसा न उघडलेला, दुकानाच्या फळीवरून काढलेल्या मालावर स्टिकरचे डाग, ग्राहकांचा परतीचा माल बेभरवशाचा, आणि सॅल्व्हेज, म्हणजे मोडका-तुटका माल, घ्यायचा तो सुट्या भागांसाठीच. मॅनिफेस्टमधला सर्वांत कमी कामाचा आकडा म्हणजे मूळ किरकोळ किमतीची बेरीज. नेमक्या त्याच आकड्याकडे बघून लोक बोली चढवतात, याचे खरोखर वाईट वाटते.

हिशेब असा करावा. समजा, ६० नगांचे पॅलेट ६०० डॉलरला सुटले, बोलीवर लिलाव करणाऱ्याचा १० टक्के प्रीमियम ६० डॉलर, ट्रकचे भाडे २४०. झाले ९००. कागदावर नग १५ डॉलरला पडला. विकण्याजोगे ३६ निघाले की तोच २५ डॉलरचा होतो, आणि विक्रीचे शुल्क व गिऱ्हाइकापर्यंतचे टपाल अजून बाकीच आहे. ट्रक लावायला डॉक, म्हणजे माल उतरवायचा उंच ओटा, नसेल तर भाड्यात लिफ्टगेटचे, म्हणजे माल जमिनीवर उतरवणाऱ्या ट्रकच्या मागच्या यांत्रिक फळीचे, शुल्क वाढते. ते बोलीआधी विचारावे. उघड्या तोंडाच्या मोठ्या पुठ्ठ्याच्या पेट्या टाळलेल्या बऱ्या, कारण वरच्या वजनाने तळाचे नग चेपतात.

एक जबाबदारी मात्र पूर्णपणे पॅलेट घेऊन पुढे विकणाऱ्याची. अमेरिकेच्या २००८ च्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्यानंतर सुरक्षेसाठी परत बोलावलेली वस्तू विकणे बेकायदा आहे, जुनी वस्तू विकणाऱ्यालाही ते लागू होते. पाळणे, बाळांचे झोपाळे, हीटर आणि लिथियम बॅटरीची उपकरणे परतीच्या पॅलेटमध्ये असू शकतात. अशा प्रत्येक नगाचा मॉडेल क्रमांक ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या यादीत शोधावा, आणि सापडला तर तो नग विक्रीच्या ढिगातून तिथल्या तिथे बाजूला काढावा.