संशोधन संस्थांमधील सुरक्षा प्रशिक्षण (गोवा)

संशोधन संस्थेत काम करणाऱ्या कोणाला कोणते आरोग्य व सुरक्षा प्रशिक्षण हवे, ते कामाला हात लावण्याआधी मिळाले का, त्याची मुदत कधी संपते आणि नोंद कुठे आहे, हे ठरवून पाळण्याची व्यवस्था. कारखान्यात यंत्र तेच, पाळी तीच आणि माणूसही बहुधा तोच असतो. संशोधन संस्थेत प्रकल्प तीन वर्षांचा, प्रोजेक्ट असिस्टंट सहा महिन्यांचा आणि प्रयोग कधीकधी आठवड्याचाच असतो. वर्षातून एकदा, ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनी, सभागृहात ठेवलेल्या भाषणाने इथली गरज भागत नाही.

राज्य छोटे असले तरी गोव्यात धोक्यांची विविधता मोठी आहे. दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) आहे, वास्कोच्या हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, जुने गोवे येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीसाठीची संस्था, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ (१९८५), झुआरीनगरला बिट्स पिलानीचा परिसर आणि बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय. या सगळ्यांत आम्ले, वायूंचे सिलिंडर, जंतूंची संवर्धने, क्ष-किरण यंत्रे आणि द्रव नायट्रोजन कमीअधिक प्रमाणात आहेतच. पहिल्या दोन संस्थांत त्यात जहाज आणि बर्फ यांची भर पडते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर एकच एक नियमपुस्तक नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. केंद्र व राज्य सरकारची कार्यालये तिच्या कक्षेबाहेर आहेत, पण त्या कार्यालयांत ठेकेदारामार्फत आलेले कंत्राटी कामगार मात्र कक्षेत येतात. किरणोत्सर्गाशी संबंध आला की अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम, २००४ आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता असलेला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी. जनुकीय बदल केलेल्या जीवांवर काम असेल तर १९८९ च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती. जैववैद्यकीय कचऱ्याबाबतचे २०१६ चे नियम संशोधन संस्थांनाही लागू आहेत आणि प्रशिक्षणाबाबत ते सर्वांत स्पष्ट बोलतात: कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण, शिवाय हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस. सिलिंडरसाठी २०१६ चे गॅस सिलिंडर नियम वेगळे. प्रत्येक नियमाची मुदत निराळी, नोंदवही निराळी आणि तपासायला येणारा अधिकारीही निराळा. संस्थेचा सेफ्टी ऑफिसर खरा दमतो तो इथेच.

यावरचा रूढ उपाय म्हणजे एक तक्ता: आडव्या ओळीत माणसे, उभ्या रकान्यांत प्रशिक्षणे, चौकटीत तारीख. तक्ता करणे सोपे, पण तो पदनामावरून भरला की फसतो. ‘शास्त्रज्ञ’ या एका पदाखाली दिवसभर संगणकावर प्रारूपे चालवणारा येतो आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात गाळाचे नमुने विरघळवणाराही येतो. पहिल्याला त्या आम्लाचे प्रशिक्षण देणे म्हणजे वेळेचा अपव्यय. दुसऱ्याला मात्र कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब कुठे ठेवली आहे आणि ती लगेच का चोळायची, हे झोपेतही ठाऊक असले पाहिजे. म्हणून गरज ठरवायची ती खोली, उपकरण आणि पदार्थ यांवरून. त्या खोलीत जो कोणी पाऊल ठेवतो, त्याला त्या खोलीचे प्रशिक्षण. या हिशेबाने फरशी पुसणारी कंत्राटी कामगार स्त्री, एसी दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आणि रात्रपाळीचा पहारेकरी हेही यादीत येतात. पदावरून भरलेल्या तक्त्यात ही माणसे हमखास गळतात. उन्हाळी सुट्टीत दोन महिन्यांसाठी येणारे विद्यार्थीही असेच गळतात. आस्थापनेच्या हजेरीपटावर त्यांचे नावच नसते. पण सिलिंडरचा रेग्युलेटर बसवायला पुष्कळदा त्यांनाच पुढे केले जाते.

सागरी प्रयोगशाळेतले एक साधे काम घेतले तर ही गुंतागुंत नीट दिसते. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. नमुन्याच्या बाटलीत मँगनीज क्लोराइड आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे, साका खाली बसू द्यायचा, मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून अनुमापन (टायट्रेशन) करायचे. दोनापावल्याच्या लॅबमध्ये हे एम.एस्सी.ला शिकलेले कोणीही करील. तेच ‘सिंधू साधना’सारख्या संशोधन जहाजावर, पावसाळी समुद्रात, रात्री दोनच्या स्टेशनला (नमुने घेण्यासाठी जहाज थांबते त्या ठिकाणी) करायचे म्हटले की प्रश्न बदलतो: आम्लाची बाटली अडकवायची कशाला, डोळ्यात उडाले तर जवळचा नळ कुठे, आणि डोलणाऱ्या जहाजावर उभे राहताना पाय कसे रोवायचे. शेजारच्या टेबलावर कोणी प्लवकांच्या नमुन्यात फॉर्मालिन घालत असतो, कोणी कार्बन मोजण्याच्या नमुन्यात मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकत असतो. बाहेर डेकवर विंचची तार ताणलेली असते आणि तिच्या रेषेत उभे राहायचे नाही, हे कागदावर कितीही लिहिले तरी बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, एकदा खडसावल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

जहाजाचे स्वतःचे नियम वेगळेच. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की जीवरक्षक जाकीट घालून ठरलेल्या मस्टर स्टेशनवर हजर व्हायचे. वैज्ञानिकालाही यात सूट नाही. खलाशांना आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू करारानुसार आग, प्रथमोपचार आणि समुद्रात तग धरण्याचे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. वैज्ञानिकांना त्यातले किती द्यायचे हे बऱ्याच अंशी संस्थेने ठरवायचे असते, आणि थोडे जास्तच द्यावे हे उत्तम.

ध्रुवीय केंद्राची तऱ्हा आणखी निराळी. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातूनच निघाली. आता मोहिमेच्या सदस्यांना वैद्यकीय तपासणीनंतर उत्तराखंडातील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या संस्थेत बर्फात वावरण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आर्क्टिकमधील न्यू-ऑलेसुंड येथे ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र २००८ पासून आहे. तिथे वस्तीबाहेर नमुने घ्यायला जायचे तर ध्रुवीय अस्वलांपासून बचाव आणि बंदूक हाताळणे शिकावे लागते. वास्कोच्या कार्यालयातल्या प्रशिक्षण तक्त्यात ‘रायफल’ असा रकाना असणे हे ऐकायला गमतीचे वाटेल, पण नियमाला धरूनच आहे.

किरणोत्सर्गाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. छातीवर टीएलडी बिल्ला (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा) लावला की आपण सुरक्षित, असे नवख्यांना वाटते. बिल्ला फक्त मात्रा नोंदवतो, अडवत काही नाही. शिवाय समुद्रातील प्राथमिक उत्पादकता, म्हणजे वनस्पती-प्लवक किती सेंद्रिय पदार्थ तयार करतात ते, मोजण्यासाठी वापरतात त्या कार्बन-१४ चे बीटा किरण इतके दुबळे असतात की बिल्ल्यावर त्यांची नोंदच होत नाही. इथे धोका असतो सांडलवंडीचा आणि पोटात जाण्याचा. त्यामुळे प्रशिक्षणाचा भर हातमोजे काढण्याची पद्धत, टेबल पुसून ती पुसणी तपासणे आणि लॅबमध्ये चहा न पिणे यांवर हवा. द्रव नायट्रोजनचेही तसेच. उणे १९६ अंशांची थंडी सगळ्यांना माहीत असते. एक लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि बंद लिफ्टमध्ये तो गुदमरवू शकतो, म्हणून पिंप लिफ्टने न्यायचे तर सोबत माणूस जायचा नाही, हे सांगावे लागते.

गोव्याच्या हवेचा विचार बाहेरून आणलेल्या तयार पाठ्यक्रमांत नसतो. खाऱ्या वाऱ्याने सिलिंडरचे झडप आणि साखळ्या गंजतात. पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन विजेचा धक्का बसण्याची भीती वाढते. डोळे धुण्याचा नळ आठवड्यातून एकदा सोडून पाहावा असा दंडक आहे. तो न पाळता दोन-तीन महिन्यांनी नळ उघडला तर पहिले पाणी तांबूस, गंजाचे येते, आणि आम्ल उडालेल्या डोळ्यात ते पंधरा मिनिटे सोडायचे असते. नळ सोडण्याचे काम कोणाचे, हे लेखी ठरले नाही तर ते कोणाचेच नसते. आपत्कालीन आराखड्यात शेजारही धरावा लागतो: ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्था भरलेले ‘नू शी नलिनी’ हे जहाज मुरगावहून भरकटून दोनापावल्याला राजभवनाखालच्या खडकांवर अडकले होते. आग विझवण्याची प्रात्यक्षिके राज्याचे अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालय घेते. नळकांडे प्रत्येकाच्या हातात देऊन पिन काढायला लावली तरच त्यांचा उपयोग.

भाषेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. शास्त्रज्ञ देशभरचे, कार्यालयात कोंकणी-मराठी, साफसफाईला आणि बांधकामाला कर्नाटक, ओडिशा, झारखंडकडचे लोक. इंग्रजी स्लाइड दाखवून घेतलेल्या सह्या तपासणीत चालतात. अपघातात त्यांचा काही उपयोग नसतो. जिथे कामगारांना त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच मुकादमाकडून, प्रत्यक्ष कचऱ्याच्या पिवळ्या आणि लाल पिशव्या दाखवून समजावले जाते, तिथे सुया भलत्या पिशवीत जाणे लवकर थांबते.

नोंदी ठेवण्यामागे तपासणीपेक्षा मोठे कारण आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे पडून असलेले कोबाल्ट-६० चे उपकरण २०१० मध्ये भंगारात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडताना किरणोत्सर्ग होऊन एका कामगाराचा मृत्यू झाला. उपकरण जाणणारे लोक निवृत्त झाले होते आणि त्यात काय आहे हे पुढच्यांना सांगणारी साखळी तुटली होती. म्हणून संस्था सोडणाऱ्याच्या ‘ना-हरकत’ कागदावर ग्रंथालयाच्या पुस्तकांइतकीच त्याच्या रसायनांची, किरणोत्सर्गी स्रोतांची आणि फ्रीजमधल्या बाटल्यांची यादी हवी. आणि ती ताब्यात घेणाऱ्याचे प्रशिक्षण सही करण्याआधी झालेले हवे. अलीकडे काही ठिकाणी उपकरणाचे ऑनलाइन बुकिंग प्रशिक्षणाच्या मुदतीशी जोडतात: मुदत संपली की यंत्र आरक्षितच होत नाही. गाइडच्या ओळखीवर हे कुलूप उघडण्याची सोय ठेवली नसेल, तर एवढ्या एका गोष्टीने स्मरणपत्रांचे निम्मे काम वाचते.